आगरात कॅमेरा, पडवीत मी : फोनवरून कॅमेरा चालवणारं कोणी आहे का?

आगरवाला | १८ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गुहागरकडे घर आहे. घराच्या मागून पाखाडी उतरली की खाली पोफळींचं आगर. शिंपण्याच्या पाटाचं पाणी जिथे सांडतं तिथे हातभर रुंदीचं डबकं झालंय. गेले चार दिवस तिन्हीसांजेला तिथे नवरंग पक्षी येतोय. आधी शीळ ऐकू येते, मग पाचोळ्यातून टुणटुण उड्या मारत येतो, पाण्यात बसतो, पंख झाडतो आणि जातो. सगळा खेळ दोन-तीन मिनिटांचा. मी पाखाडीच्या तिसऱ्या पायरीवर जरी दिसलो तरी त्या दिवशी येत नाही.

माझ्याकडे कॅनन १३००डी आहे, त्यात वायफाय आहे. फोनवर कॅमेरा कनेक्ट ॲप घेतलं. घरात छान चालतं, फोनवर चित्र दिसतं, ॲपर्चर, शटर, आयएसओ सगळं बदलता येतं. पण कॅमेरा डबक्याजवळ ठेवून मी पडवीत आलो (पंचवीस-तीस पावलं असतील) की चित्र अडखळतं आणि कनेक्शन तुटतं. मधे जांभ्याचा गडगा आहे.

हे अंतर कसं वाढवायचं? नवीन कॅमेरा घेणं आत्ता शक्य नाही. आणि घाईचं कारण म्हणजे आजी. तिला रोज शीळ ऐकू येते, पण गुडघ्यांमुळे पाखाडी उतरता येत नाही. पडवीत बसून तिला फोनवर दाखवायचाय.

खाजणकाठ | १८ मे, रात्री १०:०५

नवरंग आला म्हणजे पाऊस फार लांब नाही! तमिळमध्ये याला 'आरुमणी कुरुवी' म्हणतात, सहा वाजताचा पक्षी. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी शीळ घालतो म्हणून. तुझ्या आजीला घड्याळच मिळालंय.

तांडेल | १८ मे, रात्री १०:२०

अरे बाबा, पयलो तो मोबाईल डेटा बंद कर. मगे बघ.

आगरवाला | १८ मे, रात्री १०:३१

@तांडेल, डेटा कशाला बंद करायचा? कॅमेऱ्याचा आणि डेटाचा काय संबंध?

चिरेबंदी | १८ मे, रात्री ११:१०

संबंध आहे, तांडेलदादा बरोबर बोलतायत. कॅमेरा स्वतःचं वायफाय सोडतो, पण त्यात इंटरनेट नसतं. ॲन्ड्रॉइड फोनला वाटतं की हे नेटवर्क निकामी आहे, आणि तो गुपचूप मोबाईल डेटावर उडी मारतो. आपल्याला वाटतं रेंज गेली. 'इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का' असं विचारलं तर हो म्हणायचं, आणि सरळ डेटा बंदच ठेवायचा. लोकेशनची परवानगीही द्या, नाहीतर काही फोनांवर ॲपला कॅमेरा सापडत नाही. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये 'लोकल नेटवर्क'ची परवानगी बघा.

पण तुमच्या वर्णनावरून हे एवढंच कारण नसावं. चित्र आधी अडखळतंय म्हणजे सिग्नल खरंच मरतोय. कॅमेरा जमिनीपासून किती उंच ठेवलाय?

आगरवाला | १९ मे, सकाळी ७:१५

वीतभर. नवरंगाच्या डोळ्याच्या पातळीवर हवा म्हणून छोट्या ट्रायपॉडवर, जवळजवळ मातीलाच टेकलेला.

चिरेबंदी | १९ मे, सकाळी ८:५०

तिथेच घोळ आहे. नीट सांगतो, कारण यात मी दोन पावसाळे घालवलेत.

कॅमेऱ्यातला वायफायचा अँटेना नखाएवढा असतो आणि बॅटरी वाचवण्यासाठी ताकदही कमी ठेवलेली असते. मोकळ्या मैदानात, छातीच्या उंचीवर धरलात तर बऱ्यापैकी लांब जातो. पण दोन टोकांमधल्या सरळ रेषेच्या आजूबाजूला, वर आणि खाली, लहरींना मोकळी जागा लागते. एक टोक मातीला टेकवलं की खालची अर्धी जागा जमीनच अडवते. त्यात ओला पाचोळा, पोफळीची ओली झावळं. तुमचा कॅमेरा २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो. अन्नातलं पाणी ज्या लहरी शोषून तापतं, त्याच या. ओलं आगर म्हणजे वायफाय पिणारा स्पंज. आणि वर जांभ्याचा गडगा.

आपलं शरीरही पाण्याचंच. फोन हातात धरून कॅमेऱ्याकडे पाठ केलीत तरी फरक पडतो. एकदा फोन कपाळाच्या उंचीवर धरून, तोंड कॅमेऱ्याकडे करून बघा. गडग्याच्या वरून दिसेल असे उभे राहा. किती पावलं वाढतात ते कळवा.

निळाशार | १९ मे, सकाळी ९:३०

एवढा खटाटोप कशाला? शाओमीचा फोन असेल तर त्यात टीव्ही चालवायचा इन्फ्रारेड असतो. कॅमेरा रिमोटचं ॲप घ्या आणि दाबा बटण. मी निकॉन डी५३०० असाच चालवतो.

चिरेबंदी | १९ मे, सकाळी ९:४८

@निळाशार, डी५३०० ला इन्फ्रारेडचा डोळा आहे, १३००डी ला नाही. शिवाय त्यात चित्र दिसत नाही, फक्त खटका दाबला जातो. उन्हात तर पाच-सात पावलांवर काम संपतं.

पाणंद | १९ मे, दुपारी १:२०

मी इलेक्ट्रिशियन आहे, फोटोग्राफर नाही, पण लेकासाठी एक जुगाड केलाय. १३००डी च्या डाव्या बाजूला रबरी झाकणाखाली २.५ मिमीचं भोक आहे, केबल रिमोटचं. त्यात बसणारी तीन पट्ट्यांची पिन घ्या. टोक म्हणजे शटर, मधली पट्टी म्हणजे फोकस, मागची म्हणजे ग्राउंड. मधली आणि मागची जोडली की फोकस, टोक आणि मागची जोडली की फोटो. तीन पदरी वायर आणि दाराच्या बेलची दोन बटणं. आमची वायर घरापासून विहिरीपर्यंत आहे आणि एकदाही चुकलेली नाही. यात वायफाय नको, ॲप नको, परवानगी नको.

एकच सांगणं, बेलची बटणं नवीन घ्या आणि ही वायर घरच्या लाइनच्या आसपास नेऊ नका. चुकून जोडली गेली तर कॅमेरा तर जाईलच, माणूसही जाईल.

आगरवाला | १९ मे, दुपारी १:४५

@पाणंद, हे फार आवडलं. पण आजीला दाखवायचंय हो, त्यासाठी चित्र लागणार.

रानवाटा | १९ मे, दुपारी ३:०५

माझं मत थोडं कडू आहे, पण मनापासून लिहिते.

नवरंग आत्ता आलाय म्हणजे जोडी जमवून घरटं करायच्या बेतात आहे. पाऊस लागला की कोकणात त्यांची वीण सुरू होते. पाण्यावर येतोय तोवर फोटो काढा, हरकत नाही. पण कॅमेरा दूर आणि आपण दूर म्हणजे पक्ष्याला त्रास नाही, असं धरून चालू नका. तिवईवरचा काळा डबा, त्याचा काचेचा मोठा डोळा आणि 'खट्ट' हे सगळं त्याच्यापासून दोन हातांवर असतं. माणूस दूर असल्यामुळे उलट आपल्याला पक्ष्याची अस्वस्थता दिसत नाही. तिबोटी खंड्याच्या घरट्यासमोर रिमोटवर कॅमेरे लावून ठेवलेले मी पाहिलेत. चोचीत पाल धरून तो बिचारा समोरच्या फांदीवर ताटकळत होता, आत जाईना. बिळात पिल्लं होती. तो प्रसंग अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

घरटं सापडलं तर त्याचा फोटो नको. आणि कोणी शिळेचं रेकॉर्डिंग वाजवायला सांगेल, तेही नको. तो त्याला दुसरा नर समजतो आणि खाणंपिणं सोडून भांडायला येतो.

निळाशार | १९ मे, दुपारी ३:४०

ताई, मग फोटोच काढू नयेत का? लपणात तासन्‌तास बसणाऱ्यामुळे त्रास होत नाही? निदान कॅमेरा शिंकत नाही, डास मारत नाही.

रानवाटा | १९ मे, सायं. ४:१५

काढा ना. मी पाण्यावरच्या फोटोला नाही म्हटलेलं नाही. पद्धत सांगते. पहिले तीन-चार दिवस कॅमेरा ठेवूच नका. त्या जागी त्याच आकाराचा काळा डबा ठेवा आणि पुढे अर्धी करवंटी बांधा, भिंगासारखी. पक्षी त्याच्याकडे न बघता पाण्यात उतरू लागला की मगच डब्याच्या जागी कॅमेरा. तोही दुपारी, तो यायच्या दोन-तीन तास आधी. नंतर अंधार पडून पक्षी झोपायला गेला की उचला. फ्लॅश अजिबात नको.

लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे चित्र पडद्यावर बघताना, कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर असतो, त्यामुळे आवाज थोडा कमी होतो. वरून जुना पंचा दुपदरी करून गुंडाळा. आणि पहिला फोटो तो पाण्यात बसून पंख झाडायला लागल्यावरच. तेव्हा त्याचाच आवाज बराच असतो.

निळाशार | १९ मे, सायं. ४:३०

करवंटी! हे मी नक्की करणार. माझा मघाचा प्रतिसाद घाईचा होता, ताई.

सड्यावरून | २० मे, सकाळी १०:००

थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच. मी राजापूर-रत्नागिरी भागातल्या सड्यांवर कातळशिल्पं बघत फिरतो. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आल्यापासून माणसं येऊ लागलीत, चांगलं आहे. पण कशेळीच्या हत्तीसमोर उभं राहून फोटो काढा, काहीच कळत नाही. एवढा मोठा की चौकटीत मावत नाही, आणि जमिनीवर खोदलेला असल्यामुळे तिरकस दिसतो. हत्ती वरूनच बघावा लागतो.

मी लांब बांबूच्या टोकाला छोटा मिररलेस (आरसा नसलेला, हलका) कॅमेरा बांधतो, भिंग सरळ खाली. दोघंजण बांबू धरतात आणि मी खाली टॅबलेटवर चौकट बघून सांगतो, जरा डावीकडे, जरा पुढे. एकेक पाऊल सरकत दहा-पंधरा फोटो, मग घरी येऊन जोडायचे. फोनवरून कॅमेरा चालवण्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. बांबूच्या टोकावरचं बटण दाबणार कोण?

वेळ सकाळी सात-आठची किंवा मावळतीची. ऊन तिरकं पडलं की खोदलेल्या रेषेत सावली भरते आणि माशाचे खवलेसुद्धा उठून दिसतात. बारा वाजता तोच कातळ कोरा वाटतो. रेषा दिसाव्यात म्हणून कोणी खडू भरतात, पाणी ओततात. कृपा करून करू नका, थोडं थांबलं की ऊन ते काम फुकट करतं. आणि शिल्पावर पाय नको, बांबू धरणाऱ्यांचाही.

निळाशार | २० मे, सकाळी १०:२५

@सड्यावरून, ड्रोन सोपा नाही का?

सड्यावरून | २० मे, सकाळी ११:०२

ज्यांच्याकडे आहे त्यांना सोपा. नोंदणी, परवानगीचा नकाशा बघणं हे सगळं आलं. आणि सड्यावर वारा असा सुटतो की हलका ड्रोन जागेवर राहत नाही. बांबू आणि दोन मित्र असले की माझं भागतं.

पुळणीवरची | २० मे, दुपारी १२:३०

अवांतर चाललंच आहे तर वेळासबद्दलही लिहिते. आम्ही मार्चमध्ये कासवांची पिल्लं बघायला गेलो होतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे घरटी राखायला सुरुवात केली, आता गावच ते काम आपलं मानतं. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं टोपलीतून पुळणीवर सोडतात आणि ती स्वतः चालत समुद्रात जातात.

एक पाहुणा वाळूत कॅमेरा पुरून फोनवरून फोटो काढायच्या तयारीत होता, अगदी पिल्लांच्या वाटेत. गावातल्या मुलाने शांतपणे उचलून दोरीबाहेर ठेवायला लावला. पिल्लू उजेडाकडे चालतं. समुद्रावरचं आभाळ किनाऱ्यापेक्षा उजळ असतं, म्हणून ते समुद्राकडे वळतं. संधिप्रकाशात कोणाच्या फोनचा पडदा पूर्ण उजेडावर असेल तर त्याला तोच समुद्र वाटू शकतो. कॅमेरा दूरून चालवताना आपला फोनही एक दिवा असतो, हे लक्षात ठेवा.

आगरवाला | २० मे, दुपारी १:१०

@पुळणीवरची, हे लक्षातच आलं नव्हतं. मी फोन पूर्ण उजेडावर ठेवूनच गडग्यावरून वाकत होतो.

@चिरेबंदी, तुम्ही सांगितलं तसं केलं. डेटा बंद, फोन कपाळाशी, गडग्याच्या वर. आठ-नऊ पावलं वाढली. तरी पडवी अजून दहाएक पावलं लांबच.

तांडेल | २० मे, रात्री ८:००

आता माझंही ऐका. मी पाजपंढरीकडचा, फोटो समुद्राचे काढतो. गेल्या वर्षी खडकावर ट्रायपॉड लावला, मागे सरकून फोनवर लाटा बघत बसलो. चित्र इतकं सुंदर दिसत होतं की डोळे पडद्यावरच. पाणी ट्रायपॉडच्या मागून फिरून कधी आलं कळलंच नाही. एक पाय वाळूत रुतला आणि कॅमेरा आडवा. खारं पाणी आत गेलं की संपलं, तो पुन्हा सुरू झाला नाही.

तेव्हापासून नियम आहे : आधी तिथी, मग कॅमेरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पुनव-अवसेला उधाण, तेव्हा नेहमीच्या रेघेवर विसंबू नका. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे चढउतार कमी, ते नवशिक्याला बरं. फोन हातात असला तरी दर चार लाटांनी मान वर करून पाण्याकडे बघायचं.

घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा. कॅमेरा ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, कोरड्याने नव्हे, कोरड्याने मिठाचे कण काचेवर घासले जातात.

माडाखाली | २१ मे, सकाळी ६:५०

तांडेलदादा, फार वाईट वाटलं वाचून.

आमच्याकडे या रिमोटचा उपयोग वर्षातून एकदाच, गौरी-गणपतीत. एकोणतीस माणसं. पूर्वी बाबा टायमर लावून खळ्यातून धावत यायचे आणि दर फोटोत त्यांची पाठ किंवा हललेला हात. शेणाने सारवलेल्या ओल्या खळ्यात दोनदा घसरलेही. आता धाकटा चुलतभाऊ फोन आरतीच्या ताटामागे धरून दाबतो. दोन सेकंदांचा टायमर लावला की फोन खाली घ्यायला वेळ मिळतो. गेल्या वर्षी पहिल्यांदा बाबा फोटोत पुढून दिसले, मांडीवर नात.

चिरेबंदी | २१ मे, सकाळी ९:१५

@आगरवाला, आता मूळ प्रश्नाचं उत्तर. दोन दिवस हेच डोक्यात होतं.

१३००डी स्वतःचं वायफाय सोडतो, तसा दुसऱ्याच्या वायफायलाही जोडता येतो. स्मार्टफोन जोडणीच्या मेनूत नेटवर्क बदलण्याचा पर्याय शोधा आणि कॅमेऱ्याला राउटरचं नाव-पासवर्ड द्या. मग फोनही त्याच राउटरला जोडा. आता नखाएवढ्या अँटेनाला पडवी गाठायची गरज नाही, फक्त राउटर गाठायचा. पुढचं काम राउटर करतो आणि त्याचे अँटेने चांगले वीतभर असतात. इंटरनेट नसलेला जुना राउटरही चालेल.

राउटर ठेवायचा गडग्यावर, उंच, जिथून डबकंही दिसतं आणि पडवीही. वीज? वीज गेली की वायफाय चालू राहावं म्हणून छोटा यूपीएस मिळतो ना, बारा व्होल्टचा, तो लावा. राउटरवर किती व्होल्ट लिहिलेत ते आधी बघून घ्या. संध्याकाळचे दोन-तीन तास सहज निघतात.

आणखी तीन गोष्टी. कॅमेऱ्याचं आपोआप बंद होणं बंद करा. बॅटऱ्या दोन ठेवा, लाइव्ह व्ह्यू आणि वायफाय मिळून बॅटरी भराभर खातात. आणि फोकस आधीच डबक्याच्या काठावर करून भिंग मॅन्युअलवर टाका. ऑटोवर ठेवलंत तर पोफळीखालच्या त्या उजेडात ते पुढे-मागे शोधत बसेल आणि नवरंग अंघोळ उरकून जाईल.

पाणंद | २१ मे, सकाळी ९:४०

@चिरेबंदी, +१. राउटर प्लॅस्टिकच्या बरणीत उलटा ठेवा, वायरीला खाली जागा करून. पत्र्याचा डबा नको, पत्रा लहरी अडवतो.

आगरवाला | ९ जून, रात्री ९:२०

उशीर झाला, पण सगळं सांगतो.

पहिले चार दिवस रानवाटाताईंनी सांगितल्याप्रमाणे काळा डबा आणि करवंटी. पहिल्या संध्याकाळी तो काठापर्यंत येऊन परत गेला. तिसऱ्या दिवशी करवंटीवर चढून बसला! मग कॅमेरा, पंच्यात गुंडाळून. गडग्यावर लोणच्याची रिकामी बरणी, तिच्यात जुना राउटर आणि यूपीएस.

पहिल्या दिवशी चित्र पडवीत आलं, स्वच्छ, न अडखळता. त्या दिवशी नवरंग मात्र आला नाही. मग पाऊस सुरू झाला, दोन दिवस लाइट नव्हती, राहून गेलं.

परवा जमलं. फोनचा उजेड अगदी कमी करून आजीच्या हातात दिला. सहाला पाच कमी असताना शीळ, आणि पाठोपाठ पडद्याच्या कोपऱ्यात पाचोळा हलला. तो आला तेव्हा आधी पोटाखालचा तांबडा रंग दिसला, मग डोळ्यावरची काळी पट्टी. पाण्यात बसला, शेपूट बुडवली, पंख उघडले तेव्हा आतली निळी-पांढरी चकती चमकली. मी चौदा फोटो काढले. दहा हलले आहेत, चार चांगले आहेत. फोनवर छोटी प्रत येते, मूळ फोटो कार्डावरच राहतात, ते उद्या काढून इथे टाकतो.

आजी सगळा वेळ बोलली नाही. तो उडून गेल्यावर म्हणाली, "शीळ अजून चालू आहे बघ. हा अंघोळ करत होता तेव्हाही चालू होती. दोन आहेत रे."

मी इतके दिवस एकच समजत होतो.

रानवाटा | ९ जून, रात्री ९:४५

आजींना माझा नमस्कार सांगा. त्या बरोबर असतील. आता डबक्यापलीकडे झुडपांत शिरू नका, कॅमेरा आहे तिथेच राहू द्या.

पाणंद | १० जून, सकाळी ७:३०

दुसरा दिसला का?

आगरवाला | १० जून, सायं. ७:०५

अजून नाही. आज शीळ दोन्ही बाजूंनी आली, डबक्यावर मात्र कोणी उतरलं नाही. पाऊस आहे, पाणी सगळीकडेच आहे. आजी फोन घेऊन बसली होती, उद्या पाचलाच लावून दे म्हणाली.